मोडक्या शिंगाचा सैतान

१

सकाळी सात वाजता खिळेमामांनी चर्चचं मोठं दार उघडलं, आत दोन पावलं टाकली आणि तसेच उलट्या पावली बाहेर आले.

"मावशी," ते मला म्हणाले, "आत कुणीतरी खरंच करून गेलंय."

"काय करून गेलंय?"

"तेच. आपण बारा दिवस खोटं खोटं करतोय ते."

मी त्यांना बाजूला सारून आत गेले. भुताखेतांना मी भीत नाही. चोपन्न वर्षांची बाई, वीस वर्षं एकटी राहते, घरात आवाज म्हणजे माझ्याच चपलांचा. भूत आलंच तर आधी त्याला चहा विचारीन. पण आतलं बघून मीही जागच्या जागी थांबले. बाकं भिंतीला सरकवलेली. मधल्या फरशीवर खडूनं काढलेलं भलंमोठं वर्तुळ. वर्तुळावर मेणबत्त्या, चार-चार बोटं जळून विझलेल्या. सवयीनं मोजल्या, नऊ होत्या. वेदीवरचा लहान क्रूस जागेवर नव्हता. आणि शेजारच्या खोलीत खिळ्यावर टांगलेला सैतानाचा मुखवटा, तोही गायब.

मागून खिळेमामांचा आवाज आला, "मेलो मी."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. सेटवरचं सगळं सामान त्यांच्या ताब्यात असतं.

आम्ही टीव्हीवाले. भयमालिकेचा शेवटचा भाग चालला होता. जुनं चर्च, तिथं गावातली प्रतिष्ठित माणसं गुपचूप सैतानाची पूजा करतात, आणि शेवटी सैतान स्वतः वेदीसमोर येऊन उभा राहतो. तेवढा शेवटचा प्रसंग राहिला होता. पाच वाजता पश्चिमेच्या रंगीत खिडकीतून ऊन आत आलं की तो घ्यायचा, सामान गाडीत भरायचं आणि सगळे आपापल्या घरी.

माझं काम कंटिन्युटीचं. म्हणजे काय, ते माझ्या सख्ख्या बहिणीला अजून कळलेलं नाही. आधीच्या तुकड्यात नटाच्या डाव्या हातात कप असेल, तर पुढच्या तुकड्यातही डाव्याच हातात हवा. हे डोळ्यात तेल घालून बघणारी बाई म्हणजे मी. प्रत्येक प्रसंगाचा फोटो काढायचा, वहीत नोंद करायची. सव्वीस वर्षांत माझी चूक कुणी काढलेली नाही, आणि शूटिंगच्या जागी माझी साधी टाचणीसुद्धा कधी विसरून राहिलेली नाही. युनिटमध्ये माझी ख्याती ती एवढीच. दुसरी काही असल्याचं माझ्या तरी कानावर नाही.

मुखवट्याचं म्हणाल तर तिसऱ्या दिवशी त्याचं डावं शिंग दाराला आपटून टोकाशी मोडलं. तेव्हापासून आमचा सैतान मोडक्या शिंगाचा. पडद्यावर तो तसाच दिसून चुकला होता. नवा करायचा तर तसाच, त्याच जागी मोडलेला हवा. करणारा कारागीर लांब राहणारा, आणि काम आठ दिवसांचं.

तेवढ्यात बाहेर दिग्दर्शकसाहेबांची गाडी थांबल्याचा आवाज आला.

२

साहेबांनी ओरडाआरडा केला नाही. ते शांत बोलायला लागले की समजावं, आता कुणाची तरी धडगत नाही.

"खिळेमामा, मुखवटा कुठंय?"

"साहेब, रात्री मी स्वतः खिळ्याला लावला. मोठ्या दाराला कुलूप घातलं. किल्ली माझ्या उशाखाली होती."

"मग आत कोण गेलं? सैतान?"

मागच्या लहान दाराची आतली कडी काढलेली होती, ते मी दाखवलं. दिवसभरात चाळीस माणसं त्या बाजूनं ये-जा करतात. कुणीही कडी काढून ठेवावी आणि रात्री निवांत आत शिरावं.

"कुणीही कशाला?" साहेब म्हणाले. "परवा जेवणाच्या सुट्टीत मी रागावलो तेव्हा हे खिळेमामाच म्हणाले ना, बघतो तुमचा शेवटचा प्रसंग कसा होतो ते? सगळ्यांनी ऐकलंय."

"रागाच्या भरात बोललो हो, साहेब."

"आज पाच वाजता ऊन येईल. तोवर मुखवटा आला तर ठीक. नाही आला, तर मी पोलिसांना बोलावणार. आणि या धंद्यात तुम्हाला पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही, एवढं मी बघेन."

खिळेमामांची सगळी हयात याच कामात गेली. तोंडात कायम दोन खिळे धरून बोलतात म्हणून खिळेमामा. त्यांनी ते खिळे तोंडातून काढले, सदऱ्याला पुसले आणि खिशात टाकले. जेवतानासुद्धा खिळे ताटाशेजारी लागणारा माणूस तो. मला फार वाईट वाटलं.

"साहेब," मी म्हटलं, "पाचपर्यंत मला मोकळी सोडा. आणि चर्च बंद ठेवा. आत कुणाला पाऊल टाकू देऊ नका."

"तुम्ही काय करणार, मावशी?"

"रोज करते तेच. काल काय होतं आणि आज काय आहे, एवढंच बघणार."

साहेबांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. आठाला दहा मिनिटं कमी होती.

३

आधी सैतानाला गाठलं. आमचा सैतान सहा फुटी आणि स्वभावानं लोण्यासारखा. पायऱ्यांवर बसून कोमट पाण्याच्या गुळण्या करत होता. मुखवट्यावर त्याचा राग होता, हे सगळ्यांना माहीत होतं.

"तुम्हाला शेवटच्या प्रसंगात तोंड दाखवायचं होतं," मी सरळच विचारलं. "म्हणून मुखवटा लपवलात?"

"तोंड दाखवायचं होतं, ते खरंय. आई रोज फोनवर विचारते, अरे, यात तू कुठंयस? काय सांगू तिला, शिंगांच्या खाली आहे म्हणून? पण लपवायचाच असता तर गुपचूप लपवला असता ना, मावशी. एकट्यानं बाकं ढकलून अकरा मेणबत्त्या लावत बसलो असतो? त्या अकरा मेणबत्त्यांपायी माझा झगा दोनदा पेटलाय. मी तर आगपेटीलासुद्धा हात लावत नाही आता."

त्यानं झग्याचं जळकं टोक दाखवलं. ते मला माहीत होतं, वहीत नोंद होती.

मग प्रसिद्धीवाला. चॅनेलनं पाठवलेला, गुळगुळीत दाढीचा. त्याच्या अंगात आनंद मावत नव्हता. शूटिंगच्या जागी खरीच सैतानपूजा, याहून मोठी बातमी त्याला कुठून मिळणार?

"हे तुम्हीच केलंत का?" मी विचारलं.

"मी? मावशी, अपमान करता राव!" तो खरोखर दुखावला. "मी केलं असतं तर असं केलं असतं? सकाळी दारातून फोटो काढले, एकही धड नाही. कुठं रक्त नाही, काही नाही. क्रूस निदान उलटा टांगायचा! पाहुणे येणार म्हणून खोली आवरावी तसं सगळं नीटनेटकं. रात्रभर साहेबांच्याच खोलीत होतो, त्यांच्या घोरण्यानं डोळ्याला डोळा नाही. विचारा त्यांना."

विचारलं. साहेब घोरण्याबद्दल रागावले, पण बाकीचं खरं होतं.

चारच्या सुमारास मी चर्चमागे राखणदार बाबांकडे गेले. तशी रोजच जायची. बाबांचं वय पंचाहत्तरीच्या पुढं. चर्चची घंटा वाजवण्यात, फरशी पुसण्यात त्यांचा जन्म गेला. बायको जाऊन सहा वर्षं झाली. रोज चारला माझ्या निळ्या थर्मासातला चहा आम्ही त्यांच्या खोलीत घ्यायचो. टेबल एक, खुर्च्या दोन, त्यातली एक बायकोची. माझं घर तसंच आहे, फक्त खुर्ची एकच आहे. मी त्यांना माझे फोटो दाखवायची, कामातल्या गमती सांगायची. शूटिंग बघायला मात्र ते एकदाही आत आले नाहीत. मुखवटा आला त्या दिवसापासून काम चालू असेपर्यंत चर्चकडे पाठ करून बाहेरच्या बाकावर बसायचे. पोरंसोरं हसायची. असा माणूस मुखवट्याला हात लावील, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

आज त्यांनी मला दारातच थांबवलं. स्टूल बाहेर अंगणात आणून दिलं.

"आत पसारा पडलाय, बाई. इथंच बसू."

"बाबा, रात्री काही आवाज आला?"

"नाही. सैतानच येऊन घेऊन गेला असेल. त्याचंच तोंड ते."

"साहेब खिळेमामांना पोलिसात देणार आहेत. पाच वाजता."

बाबांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

"पोलीस?" ते म्हणाले. "पोलीस कशाला? माणसाचा काय संबंध यात?"

माझ्या जिवाला त्या क्षणी काहीतरी टोचलं. काय ते मात्र कळेना.

४

पाचाला चाळीस मिनिटं होती. मी वही, फोटो घेऊन रिकाम्या चर्चमध्ये गुडघ्यांवर बसले. रोज सेटवर बसते तशीच.

पहिली मेणबत्ती उचलली. तिच्याखाली डब्याचं पत्र्याचं झाकण होतं. दुसरीखाली तसंच. नऊच्या नऊ मेणबत्त्यांखाली झाकणं, मेणाचा एक थेंब फरशीवर नाही. मी मनाशीच म्हटलं, अगं बाई, असा कसा हा सैतानाचा भक्त? नरकाची दारं उघडायला आलाय आणि फरशी खराब होईल म्हणून जीव टाकतोय! आमच्या युनिटनं बारा दिवसांत फरशीवर इतकं मेण सांडलं होतं की चालताना चपला चिकटायच्या, आणि रोज सकाळी काम सुरू होण्याआधी ते खरवडून काढलेलं असायचं.

मग मी क्रूस शोधला. फार शोधावा लागला नाही. वेदीमागच्या कपाटाच्या वरच्या खणात होता, धुतलेल्या, इस्त्री केलेल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला. चोरानं नेला नव्हता, पूजेवाल्यानं उलटा टांगला नव्हता. समोर जे होणार होतं ते देवाला दिसू नये, म्हणून कुणीतरी त्याला हलक्या हातानं आत ठेवून दिलं होतं.

शेवटी मी वहीतून जुना फोटो बाहेर काढला. पूजेच्या प्रसंगाचा, माझाच. वर्तुळ, मेणबत्त्या, मधोमध सैतान झगा पसरून उभा. फोटोत मोजल्या, नऊ. फरशीवर मोजल्या, नऊ. बाकं फोटोत होती तशीच सरकवलेली. हुबेहूब जुळत होतं. वा, मी मनात म्हटलं, कंटिन्युटी चोख आहे. आणि दुसऱ्याच क्षणी मी वहीतली त्या प्रसंगाची नोंद उघडली.

प्रसंगात मेणबत्त्या अकरा होत्या. साहेब दिवसभर "अकरा, अकरा" म्हणून घसा फोडत होते. खिळेमामांनी त्या स्वतःच्या हातानं लावल्या होत्या. सैतानाचा झगा त्यांच्यावरच पेटला होता. प्रसिद्धीवाला कॅमेऱ्याशेजारी उभा होता. युनिटमधल्या कुणालाही झोपेत उठवून विचारा, अकराच सांगेल. फोटोत मात्र दोन मेणबत्त्या झग्यामागे झाकल्या गेल्या होत्या.

म्हणजे ज्यानं हे मांडलं त्यानं पूजेचा प्रसंग डोळ्यांनी पाहिलाच नव्हता. फक्त माझा फोटो पाहिला होता. आणि माझा फोटो मी युनिटबाहेर एकाच माणसाला दाखवला होता, चहा पिताना, दोन दिवसांपूर्वी.

त्याच दिवशी मी आणखी एक गोष्ट सांगितली होती. हसत हसत, बढाई मारल्यासारखी. ती आठवली आणि माझे कान तापले. घड्याळात साडेचार झाले होते. मी चर्चमागे धावले.

५

या वेळी मी दार वाजवलं नाही, ढकललं.

बाबा टेबलाशी बसले होते. समोरच्या खुर्चीत, बायकोच्या खुर्चीत, मुखवटा ठेवला होता. उजवं शिंग अखंड, डावं मोडकं. चेहऱ्यावर रुमाल टाकलेला. आणि त्याच्यासमोर टेबलावर माझा निळा थर्मास आणि चहाचा कप.

हसावं की रडावं मला कळेना.

"त्याला चहा?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"समोर बसलाय," बाबा खाली मान घालून म्हणाले. "एकट्यानं कसा प्यायचा?"

मी टेबलाच्या कडेवर टेकले. बसायला तिसरी खुर्ची नव्हती.

"चर्चमध्ये लपवायचं मन होईना," ते सांगू लागले. "म्हणून घरी आणला. हात लावताना फार भ्यालो, बाई. क्रूस आधी आत ठेवला. कडी तुम्ही सगळे जेवायला गेलात तेव्हाच काढली होती. तुमच्या फोटोसारखं मांडलं सगळं."

"दोन मेणबत्त्या कमी पडल्या, बाबा. फोटोत दिसत नाहीत त्या."

"अस्सं," ते म्हणाले. चूक ऐकून त्यांना उगीच खजील व्हायला झालं, जणू मी परीक्षेचा निकाल सांगितला.

"पण ते मांडलंत कशाला? नुसता मुखवटा नेला असता तरी चाललं असतं."

"नुसता नेला असता तर कुणा माणसावर आळ आला असता. मला वाटलं, असं मांडलं तर सैतानावर जाईल. माणसाच्या माथी कशाला येईल?"

"आणि नेलात कशाला?" मी विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकायलाच हवं होतं.

"तुम्हीच म्हणालात ना. हा गेला तर आठ दिवस मुक्काम वाढेल म्हणून."

तीच ती बढाई. शिंगाची गंमत सांगताना मी म्हटलं होतं, बाबा, हा मुखवटा हरवला तर आम्हाला आठ दिवस इथनं हलता येणार नाही. मी हसले होते. ते हसले नव्हते, एवढं मला आता आठवलं. माणसाच्या हातातला कप कुठल्या हातात आहे ते मी बघते, पण त्याच्या तोंडाकडे बघत नाही.

"आधी रविवारी तीस माणसं यायची," बाबा म्हणाले. "मग तीन. मग एक म्हातारी यायची, तीही गेली. तुम्ही आलात तर चाळीस! आरडाओरडा, शिव्या, मेण सांडणं, सकाळी दार उघडलं की मी खरवडायचो. बरं वाटायचं. कुणीतरी सांडलंय म्हणून खरवडतोय असं वाटायचं. आणि चार वाजले की तुम्ही. म्हटलं, आठ दिवस तर आठ दिवस."

मी चष्मा पुसला, मग पुन्हा पुसला.

"बाबा, हा मी बाहेर नेते. झुडपात सापडला म्हणून सांगते. तुमचं नाव येणार नाही."

बाबा उठले. त्यांनी मुखवट्यावरचा रुमाल काढला, घडी केला, खिशात ठेवला.

"नको. तो खिळेवाला माणूस दिवसभर मान खाली घालून बसलाय माझ्यापायी. मीच नेतो."

६

सगळं युनिट अंगणात उभं होतं. पाचाला सात मिनिटं होती, साहेबांच्या हातात फोन. बाबा मुखवटा दोन्ही हातांवर आडवा घेऊन आले. साहेबांच्या पुढून तसेच गेले आणि खिळेमामांसमोर थांबले.

"मी नेला होता," ते म्हणाले. "तुम्ही सगळे आणखी आठ दिवस राहाल म्हणून. तुमच्यावर आळ येईल असं वाटलं नव्हतं. माफ करा मला."

खिळेमामांनी मुखवटा हातात घेतला, उलटापालटा करून शिंग तपासलं, मग बाबांकडे पाहिलं.

"दिवसभर माझ्या जिवाचं पाणी झालं, बाबा," ते म्हणाले. "आठ दिवस राहायचं होतं तर मला सांगायचंत. मी रोज काहीतरी मोडून ठेवलं असतं."

सैतान पहिल्यांदा हसला, मग सगळे. साहेब हसले नाहीत, पण त्यांनी फोन खिशात टाकला. "मुखवटा सापडला. बाकी मला काही ऐकायचं नाही. ऊन येतंय, चला!"

पाच वाजता लाल-निळं ऊन वेदीवर पडलं आणि त्यात मोडक्या शिंगाचा सैतान उभा राहिला. एका दमात प्रसंग झाला. बाबा त्या दिवशी पहिल्यांदा शूटिंग बघायला आत आले होते. शेवटच्या बाकावर बसून त्यांनी सगळं पाहिलं, आणि मेणबत्त्या अकरा आहेत का ते बोटांवर मोजून घेतलं.

सहाला गाड्या भरल्या. मी खिडकीशी बसले, शेजारी खिळेमामा. त्यांच्या तोंडात खिळे परत आले होते. गाडी सुरू झाली, तोच बाबा धावत आले. या वयात धावत, हातात माझा निळा थर्मास.

"बाई, हा राहिला! टेबलावर राहिला!"

मी काच खाली केली. थर्मास घेतला नाही.

"राहू द्या, बाबा. होता तिथंच ठेवा. रविवारी येईन न्यायला, चार वाजता."

बाबा थर्मास छातीशी धरून तसेच उभे राहिले. गाडी वळेपर्यंत ते मला दिसत होते.

"सव्वीस वर्षांत पहिल्यांदा विसरलात, मावशी," खिळेमामा खिळ्यांमधून म्हणाले.

"हो ना," मी म्हटलं. "वय झालं."

मग मी वही उघडली आणि त्या दिवसाची शेवटची नोंद केली. थर्मास, निळा, झाकणाला पोचा, टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात. शेजारी दोन कप. दोन्ही खुर्च्या टेबलाशी. पुढच्या वेळी सगळं असंच हवं.